मालगाडी गेली, फाटक उघडेना: सांगली जिल्ह्यातल्या एका रेल्वे फाटकाचा प्रकरण अभ्यास

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर पलूसच्या पट्ट्यात, दोन स्टेशनांच्या मधे एक फाटक आहे. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला दूध संकलन केंद्र आणि कारखान्याकडं जाणारा रस्ता. गावाचं नाव आणि फाटकाचा नंबर मुद्दाम देत नाही, कारण यातली माणसं रोज त्याच रस्त्यानं जातात.

ऐन गाळप हंगामात, जानेवारीतल्या एका सकाळी, गावातला एक पोरगा दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल बंद फाटकाच्या दांड्याखालून ढकलत निघाला. मालगाडी नुकतीच पुढं गेली होती. पहिली लाइन त्यानं ओलांडली आणि मिरजेकडून एक्स्प्रेस आली. त्यानं गाडी तिथंच सोडून मागं उडी घेतली. मोटारसायकल दोन लाइनींच्या मधल्या खडीवर आडवी पडली. एक किटली घरंगळत पुढं गेली आणि डब्याच्या पायरीला लागून चेपली. पोराला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही.

संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली. तक्रार एका वाक्याची होती आणि तिला साक्षीदारही होते: सिग्नल लाल असताना गाडी आली. पोरगा शपथेवर सांगत होता, "मी बघूनच निघालो. मिरजंच्या अंगाला सिग्नल लालभडक हुता." फाटकावर थांबलेल्या आणखी तिघांनी तेच सांगितलं. अर्ज लिहून झाला. सिग्नल नादुरुस्त आहे, चौकशी व्हावी, तोवर फाटकावर रेल्वेनं जादा माणूस द्यावा, असा त्याचा मजकूर होता.

माझी नोकरी रेल्वेच्या सिग्नल विभागात झाली आणि निवृत्तीनंतर मी याच भागात राहतो, म्हणून सरपंचांनी मला बोलावलं. पोरगा खरं बोलत होता. सिग्नल खरोखरच लाल होता, आणि तो बिघडलेलाही नव्हता.

त्या सकाळचा क्रम

गेटमनच्या नोंदवहीतली वेळ, दोन्ही बाजूंच्या स्टेशनांवरून मिळालेली माहिती आणि रस्त्यावर थांबलेल्यांचं सांगणं एकत्र केल्यावर क्रम असा लागला.

पुण्याकडच्या स्टेशनवरून फोन आला की डाऊन मालगाडी सुटते आहे. या मार्गावर मिरजेकडं जाते ती डाऊन, पुण्याकडं जाते ती अप. गेटमननं फाटक लावायला घेतलं, पण उसाच्या बैलगाड्यांची रांग रुळांवरून चालली होती. तिच्यात फट मिळून दांडे खाली यायला दोनेक मिनिटं गेली. फाटक बंद होऊन त्याला कुलूप बसलं तेव्हाच डाऊनचा गेट सिग्नल, म्हणजे गाडीला फाटक ओलांडायची मुभा देणारा सिग्नल, देता आला. चार-पाच मिनिटांनी मालगाडी आली आणि अगदी हळू पुढं सरकत राहिली. ती जात असतानाच मिरजेकडच्या स्टेशनवरून दुसरा फोन आला: अप एक्स्प्रेस न थांबता येते आहे. गेटमननं फाटक तसंच ठेवलं आणि अपचा गेट सिग्नलही दिला. मालगाडीचा शेवटचा डबा गेला. साधारण दीड मिनिटानं एक्स्प्रेस गेली. त्यानंतर दांडे वर झाले.

सगळं मिळून अकरा मिनिटं. रस्त्यावरच्या माणसांना त्यातली शेवटची दीड मिनिटं विनाकारण वाटली. गाडी तर गेली, मग हा उघडत का नाही? गेटमनवर राग निघायचा तो याच जागी, आणि आजवर बरेच जण दांड्याखालून गेले तेही याच जागी.

पोरानं कोणता सिग्नल पाहिला

गावाकडून फाटकावर उभं राहून मिरजेकडं बघितलं की अर्ध्या किलोमीटरवर, डाऊन लाइनीच्या डाव्या हाताला, एक दिव्यांचा खांब दिसतो. तो पुढच्या स्टेशनचा डाऊन होम सिग्नल. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीला आत घ्यायचं की बाहेर थांबवायचं, हे तो सांगतो. ज्या गाडीनं हे फाटक ओलांडलं आहे आणि जी आता फाटकापासून दूर चालली आहे, फक्त तिच्याशी तो बोलतो.

मालगाडी आली तेव्हा त्या होमवर पिवळा दिवा होता आणि वर तिरक्या ओळीत पाच पांढरे दिवे लागले होते. पोराला ते नीट आठवत होतं. पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीनं जा. पांढऱ्या दिव्यांची ओळ म्हणजे तुला सरळ मेन लाइनीवर घेतलेलं नाही, बाजूच्या लूप लाइनीवर घेतलं आहे. लूपला वळताना पॉइंटवरून, म्हणजे रूळ बदलण्याच्या जागेवरून, वेग कमी ठेवावा लागतो. बहुतेक ठिकाणी ताशी ३० किलोमीटर, काही ठिकाणी अजूनही १५. मालगाडी फाटकावरून रेंगाळत का गेली, त्याचं उत्तर त्या पाच दिव्यांत होतं. मागून जलद गाडी येत होती आणि तिला वाट द्यायला मालगाडीला बाजूला काढायचं होतं. भरलेली मालगाडी सातशे मीटरच्या आसपास लांब असते. ताशी २५ च्या चालीनं तेवढी लांबी एका जागेवरून सरकायला शंभर सेकंद लागतात.

मालगाडीचं इंजिन होम ओलांडून आत गेलं आणि होम लाल झाला. हे आपोआप होतं. सिग्नलपुढच्या रुळांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडीची पहिली चाकं त्या तुकड्यावर आली की दोन्ही रूळ चाकांनी जोडले जातात, प्रवाह रिलेपर्यंत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या कळीपर्यंत, पोचत नाही, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला किंवा वायर निघाली तरी रिले पडतोच, म्हणजे बिघाड झाला तरी कल लालकडंच असतो. इथं तर बिघाड नव्हता. त्या लालचा अर्थ एवढाच होता: एक गाडी आत्ताच आत गेली आहे, तिच्या मागून दुसरी येऊ नये.

पोरानं त्याचा अर्थ उलट लावला. मिरजेच्या बाजूचा सिग्नल लाल आहे, तेव्हा मिरजेकडून काही येणार नाही. मिरजेकडून येणाऱ्या गाडीशी त्या खांबाचा काडीचाही संबंध नाही. तिच्या लोको पायलटला, म्हणजे चालकाला, त्या खांबाची पाठ दिसते.

पाठ आणि तोंड

आपण फाटकावर उभे असतो तेव्हा रुळाच्या कडेचे जे जे दिवे आपल्याला समोरून दिसतात, ते सगळे आपल्यापासून दूर जाणाऱ्या गाड्यांचे असतात. आपल्याकडं येणाऱ्या गाडीचा सिग्नल तिच्याकडं तोंड करून उभा असतो, म्हणून आपल्याला त्याची काळी पाठ दिसते आणि त्यावर कोणता दिवा आहे हे कळायला वाव नसतो. डाऊनकडं बघा किंवा अपकडं, दोन्ही बाजूंना हेच. थोडक्यात, फाटकावरच्या माणसाला जो सिग्नल वाचता येतो तो त्याच्या जिवाच्या दृष्टीनं निरुपयोगी असतो, आणि जो उपयोगाचा असतो तो वाचताच येत नाही.

त्या सकाळी एक्स्प्रेससाठी जो अप गेट सिग्नल हिरवा होता, तो मिरजेच्याच बाजूला, फाटकापासून दोनशे-अडीचशे मीटरवर उभा आहे. गेट सिग्नल फाटकापासून किमान १८० मीटर अलीकडं ठेवतात. पोराच्या नजरेच्या टप्प्यात तो होता. दिसली ती पाठ, आणि पाठीकडं कोण लक्ष देतो?

हे तोंडी सांगून पटलं नाही. मग काही जणांना घेऊन आधी रस्त्यालगतच्या एका शेताच्या बांधावर, रेल्वेच्या हद्दीबाहेर, उभा राहिलो. तिथून खांबांच्या पाठी दाखवल्या. नंतर सगळे मिरजेकडच्या स्टेशनवर गेलो आणि प्लॅटफॉर्मच्या पुण्याकडच्या टोकाला थांबलो. तिथून अप लाइनीचे सिग्नल तोंडाकडून दिसतात आणि होमची पाठ दिसते. एक अप गाडी सुटली तेव्हा तिचा स्टार्टर, म्हणजे स्टेशनातून सुटायची परवानगी देणारा सिग्नल, हिरव्याचा लाल होताना सगळ्यांनी पाहिला. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "म्हंजे काका, मी आजवर बघतोय त्यो जाणाऱ्याचा हाय?" त्या एका प्रश्नानं सभेतल्या तासभराच्या बोलण्यापेक्षा जास्त काम केलं. सोबतच्या माणसांनी पुढं गावात हेच वाक्य सगळ्यांना सांगितलं.

ही सवय आली कुठून

गावातल्या जाणत्या माणसांशी बोलल्यावर एक गोष्ट पुढं आली, आणि मला ती या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सिग्नल बघून रूळ ओलांडण्याची रीत पोरानं स्वतः काढलेली नव्हती. ती त्याला आजोबांकडून आली होती, आणि आजोबांच्या काळी ती बऱ्यापैकी खरी होती.

हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाला. त्यानंतरही कितीतरी वर्षं इथल्या स्टेशनांवर हाताचे सिग्नल होते. उंच खांबाला एक लांब पट्टी असायची, तिलाच हात म्हणायचे. ती आडवी असेल तर थांबा, पंचेचाळीस अंशात खाली झुकली तर निघा. या पट्टीला दोन बाजू होत्या. गाडीच्या दिशेनं लाल रंग आणि त्यावर पांढरा उभा पट्टा, मागच्या बाजूनं पांढरा रंग आणि त्यावर काळा पट्टा. शेतात काम करणाऱ्या माणसाला मागूनसुद्धा हात पडलाय की नाही हे स्वच्छ दिसायचं. लाल बाजू दिसली तर तो सिग्नल आपल्यापासून दूर जाणाऱ्या गाडीचा, पांढरी बाजू दिसली तर आपल्याकडं येणाऱ्या गाडीचा. रात्री पाठीमागंही एक बारीक दिवा दिसायचा, त्यावरून हात जागेवर आहे की नाही ते स्टेशनवरून कळायचं.

आजोबा सांगायचे, पांढऱ्या अंगाचा हात पडला की गाय रुळावरून हाकलायची. त्यांचं वाचन पक्कं होतं. दिव्यांचे सिग्नल आल्यावर पाठ मुकी झाली. नातवाकडं सवय पोचली, पण ती ज्या खुणेवर उभी होती ती खूण खांबावरून गेली होती. लाइनही तेव्हा एकच होती. एक गाडी गेली की लगेच समोरून दुसरी येण्याचा प्रश्न नव्हता, कारण दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असायची. दुहेरीकरणानं हा हिशेब मोडला. आता दोन लाइनींवर दोन गाड्या एकाच फाटकावर काही सेकंदांच्या अंतरानं येऊ शकतात, आणि ते अगदी नियमाला धरून असतं.

सिग्नल यंत्रणा बदलते तेव्हा रेल्वे आपल्या कर्मचाऱ्यांना नव्यानं शिकवते, परीक्षा घेते. रुळाकाठच्या गावांना कुणी काही सांगत नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे आणि ती भरून काढायला खर्च जवळपास नाही.

फाटक इतक्या आधी का लागतं

सभेत दुसरा मुद्दा हाच होता. गाडी दिसतसुद्धा नाही आणि फाटक बंद.

जोडलेल्या, म्हणजे इंटरलॉक केलेल्या फाटकावर गेटमनच्या मर्जीचा भाग फार थोडा असतो. दांडे खाली येऊन कुलूप बसल्याशिवाय गेट सिग्नल हिरवा होऊच शकत नाही, आणि सिग्नल दिलेला असताना फाटक उघडत नाही. आता लोको पायलटच्या बाजूनं पाहू. ताशी १०० च्या वेगातली गाडी पूर्ण थांबायला किलोमीटरभराच्या आसपास रूळ लागतो. म्हणून गेट सिग्नलच्या एक किलोमीटर आधी डिस्टंट सिग्नल असतो, जिथं दोन डिस्टंट आहेत तिथं पहिला दोन किलोमीटरवर. हा डिस्टंट पुढच्या सिग्नलची आगाऊ वर्दी देतो. त्याला हिरवा मिळाला तर गाडी वेगात राहते, पिवळा मिळाला तर ब्रेक लागतो. म्हणजे गाडी तिच्या वेगानं जावी असं वाटत असेल, तर ती अडीच-तीन किलोमीटर लांब असतानाच फाटक लागून सिग्नल दिलेला हवा. ताशी १०० च्या गाडीसाठी ती पावणेदोन मिनिटं. ताशी ५० च्या मालगाडीसाठी साडेतीन. त्यात उसाच्या रांगेत फट मिळेपर्यंतचा वेळ धरा.

मालगाडी गेल्यावर त्या दीड मिनिटात गेटमननं फाटक उघडलं असतं तर? आधी त्याला अपचा सिग्नल परत लाल करावा लागला असता. तेवढ्यात एक्स्प्रेसनं डिस्टंट हिरवा पाहून मागं टाकला असता तर समोर अचानक लाल. आणि उघडल्यावर दोन्ही बाजूंनी बैलगाड्या, ट्रॅक्टरला जोडलेल्या दुहेरी ट्रॉल्या आणि मोटारसायकली एकदम घुसल्या असत्या. उसाची भरलेली ट्रॉली रुळांवर अडकली तर ती काढायला मिनिटं लागत नाहीत, तास लागतो. गेटमननं जे केलं ते बरोबर केलं, हे मी सभेत सगळ्यांसमोर सांगितलं. त्या बिचाऱ्याला शिव्या खाण्याची सवय झाली होती. त्याच्या खोलीतल्या पॅनेलवर दोन्ही लाइनींचे सिग्नल कुठल्या रंगात आहेत ते दिसतं. बाहेर थांबलेल्यांना त्यातलं काहीही दिसत नाही.

पाच सेकंद आणि पंधरा सेकंद

पोराकडं किती वेळ होता याचा हिशेब त्याच्याच समोर केला. गावाच्या बाजूनं पहिली येते ती डाऊन लाइन, पलीकडं अप. मालगाडीचे शेवटचे डबे डाऊनवर मिरजेकडं सरकत होते, आणि एक्स्प्रेस त्यांच्याच आडून, पलीकडच्या लाइनीवरून येत होती. मालगाडीच्या शेपटामागून ती उघडी पडली तेव्हा फार तर दीडशे मीटरवर असेल. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २८ मीटर. पाच सेकंदांच्या वर थोडी. दोन्ही दांड्यांमधलं अंतर पंधरा मीटरच्या पुढं, आणि भरलेल्या किटल्यांची मोटारसायकल रुळांच्या फटीतून ढकलायची तर सेकंदाला मीटरभरापेक्षा जास्त चाल होत नाही. पंधरा सेकंदांचं काम पाच सेकंदांत बसवायचं होतं.

शिट्टी वाजली होती. फाटकाआधी सी/फा (सीटी/फाटक) लिहिलेली पिवळी पाटी असते, तिथपासून लोको पायलट शिट्टी देत येतो. मालगाडीच्या खडखडाटात ती कुणाला ऐकू आली नाही, किंवा ऐकू आली तरी ती मालगाडीचीच वाटली.

लोको पायलटच्या हातात त्या क्षणी काही नव्हतं. पुढचा किलोमीटर गाडी थांबणार नाही हे त्याला ठाऊक असतं. इंजिनात दोघं प्रत्येक सिग्नल मोठ्यानं पुकारून एकमेकांना सांगतात. त्यांनी पुकारलेला हिरवा खराच होता. रुळावर माणूस दिसल्यावर शिट्टी धरून ठेवायची, ब्रेक लावायचा आणि वाट बघायची, एवढंच उरतं. अशा क्षणांनंतर झोप लागत नाही असं सांगणारे लोको पायलट मला नोकरीत भेटले आहेत.

लाल असेल तरीही

काही हुशार माणसांनी पुढचा प्रश्न विचारला. पाठ दिसते हे कळलं. पण गेटमनला विचारून त्यानं दोन्ही गेट सिग्नल लाल आहेत असं सांगितलं, तर बंद फाटकातून जायला काय हरकत?

तरीही जाऊ नये, आणि त्याची कारणं पक्की आहेत. गेट सिग्नलच्या खांबावर पिवळ्या गोलात काळं 'G' अक्षर असतं. असा सिग्नल लाल मिळाला तर लोको पायलट थांबतो, शिट्टी देतो, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं वाट बघतो. तरी सिग्नल मिळाला नाही तर तो सावधपणे फाटकापर्यंत पुढं येऊ शकतो आणि गेटमननं हातानं खूण केली की फाटक ओलांडू शकतो. म्हणजे सिग्नल लाल असतानाही फाटकावर गाडी येणं नियमात बसतं. दुसरं म्हणजे, एका लाइनीवर काम निघालं की दोन्ही दिशांच्या गाड्या उरलेल्या एकाच लाइनीवरून सोडतात. तेव्हा गाडी नेहमीच्या उलट दिशेनं येते आणि त्या दिशेला तोंड केलेला सिग्नल तिथं असेलच असं नाही. ती स्टेशन मास्तरच्या लेखी अधिकारपत्रावर चालते. रस्त्यावरच्या माणसानं सिग्नलचा कितीही अभ्यास केला तरी हे त्याला दिसणार नाही. त्याच्यासाठी खूण एकच: दांडा.

कायद्याचंही सांगितलं. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लोकांवर याचा फारसा परिणाम झाला नाही. पंधरा सेकंदांच्या हिशेबाचा झाला.

तक्रार चुकीची, पण शंका रास्त

अर्ज चुकीच्या सिग्नलवर बोट ठेवून लिहिलेला होता, तरी तो मागं घ्यावा असं मी सुचवलं नाही. सभेत एकानं बालासोरच्या रेल्वे अपघाताचं उदाहरण दिलं, आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ओडिशात बालासोर जिल्ह्यातल्या बहानगा बाजार स्टेशनवर २ जून २०२३ रोजी कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनीचा हिरवा मिळाला होता आणि पॉइंट लूप लाइनीला लागलेला होता. तिथं मालगाडी उभी होती. जवळपास तीनशे माणसं गेली. चौकशीत दोष निघाला तो सिग्नलच्या वायरिंगमध्ये केलेल्या बदलांत, आणि त्यातलं एक काम फाटकाच्या दांड्याच्या यंत्राशी संबंधित होतं. यंत्र कितीही चोख असलं तरी त्यावर हात माणसांचेच फिरतात. सिग्नलबद्दल तक्रार आली तर ती तपासलीच पाहिजे.

ती तपासताही येते. स्टेशनांवर डेटा लॉगर नावाचं यंत्र असतं. कोणता रिले कोणत्या क्षणी पडला किंवा उठला, कोणता दिवा कधी लागला, याची सेकंदासह नोंद त्यात होत राहते. रेल्वेच्या माणसांनी ती नोंद पाहून होम, गेट आणि दांडे यांचा क्रम बरोबर असल्याचं कळवलं. पण पत्र दोन ओळींचं होतं: यंत्रणेत दोष आढळला नाही. गावाला ते टोलवाटोलवी वाटलं. त्याच पत्रात तुम्ही पाहिलेला लाल कोणत्या सिग्नलचा होता हे एका वाक्यात लिहिलं असतं तर निम्मा राग तिथंच निवला असता.

पोरगा घाईत का होता

इथवरचं सगळं सिग्नलचं झालं, पण मूळ घाईचं होतं. पलीकडच्या केंद्रावर सकाळचं दूध आठला घ्यायचं बंद व्हायचं. मालगाडी आणि एक्स्प्रेस यांची गाठ बऱ्याचदा पावणेआठच्या आसपास पडायची. धारा काढून, किटल्या भरून निघालेला माणूस नेमका त्या अकरा मिनिटांत अडकायचा. उशीर झाला तर दूध परत न्यायचं आणि पैसे बुडायचे. अशा माणसाला दांड्याखालून जाऊ नको एवढंच सांगणं अपुरं आहे.

केंद्र चालवणाऱ्यांशी सरपंच बोलले. सकाळची वेळ वीस मिनिटांनी वाढली. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यांत जास्त जीव वाचवणारा निर्णय हाच. बैलगाड्यांच्या टोळ्यांच्या मुकादमाला फाटकाच्या अलीकडं पन्नास पावलांवर रांग तोडायला सांगितलं. त्यामुळं फाटक लावायला जाणारी दोन मिनिटं कमी झाली आणि बंद राहण्याचा एकूण वेळही घटला.

पुलाची मागणी जुनी आहे. फाटकावरून दिवसाला जाणाऱ्या रेल्वेगाड्यांची संख्या आणि रस्त्यावरच्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार करून फाटकाचा भार ठरवतात, आणि तो एक लाखावर गेला की पुलाच्या मागणीला बळ येतं. यात बैलगाडीही धरतात, म्हणून मोजणी गाळप हंगामात व्हावी असा आग्रह ग्रामपंचायतीनं धरला आहे. भुयारी मार्गाला गावाचा विरोध आहे. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या कृष्णाकाठच्या माणसांना रुळांखालचा खड्डा म्हणजे चार महिन्यांचं तळं वाटतं, आणि मला ते म्हणणं पटतं. उड्डाणपूल व्हायला मात्र वर्षं जातील.

तोवरची एक मागणी मी मसुदा करून दिली. जपानमध्ये बऱ्याच रेल्वे फाटकांवर रस्त्याकडं तोंड केलेले बाणाचे दिवे असतात. डावीकडून गाडी येत असेल तर एक बाण, उजवीकडून येत असेल तर दुसरा. दोन्हीकडून येत असतील तर दोन्ही बाण लागतात आणि एक गाडी गेल्यावर दुसरा तसाच पेटता राहतो. आपल्या गेटमनच्या पॅनेलवर ही माहिती आधीपासून आहे. डाऊनचा सिग्नल दिलाय, अपचाही दिलाय, हे त्याला दिसतं. तेच दोन दिवे रस्त्यावरच्या माणसाला दिसतील असे बाहेर लावावेत, खाली मराठीत 'दुसरी गाडी येत आहे' अशी पेटणारी पाटी असावी, आणि हे दिवे सिग्नलच्या मूळ जोडणीला हात न लावता, फक्त तिची स्थिती दाखवणारे असावेत, असं त्यात लिहिलं आहे. बहानगानंतर ही शेवटची अट घालणं मला आवश्यक वाटलं.

ग्रामसभेनं तो ठराव मंजूर करून रेल्वेकडं पाठवला आहे. उत्तर येईपर्यंत फाटकाशेजारच्या, ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या भिंतीवर पोरांनीच रंगवून घेतलं आहे: 'समोर दिसणारा सिग्नल जाणाऱ्या गाडीचा आहे. येणाऱ्या गाडीचा तुम्हाला दिसत नाही. दांडा उठेपर्यंत थांबा.'